पत्त्याची पट्टी : पत्ता केव्हा द्यावा, प्रश्न केव्हा विचारावा

संगणकावर ब्राउझर उघडला की त्याच्या माथ्यावर एक लांबट चौकट दिसते. हिला इंग्रजीत अॅड्रेस बार म्हणतात; आपण तिला पत्त्याची पट्टी म्हणू. महाजालावरील आपला प्रत्येक प्रवास या पट्टीतून सुरू होतो. असे असूनही बहुसंख्य लोक तिचा उपयोग एकाच रीतीने करतात : मनात आलेला शब्द टंकायचा, एंटर कळ दाबायची आणि समोर येणाऱ्या यादीतील पहिल्या दुव्यावर विसंबायचे. या सवयीमुळे वेळ तर जातोच. परंतु बँक, वीजबिल, सातबारा उतारा अशा व्यवहारांत कधी कधी पैसाही जातो. म्हणूनच या पट्टीचे कार्य नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

या पट्टीकडे दोन कामे सोपविलेली आहेत. पहिले काम, दिलेल्या पत्त्यावर थेट नेणे. दुसरे काम, विचारलेला प्रश्न शोधयंत्राकडे पोहोचविणे. कोणते काम हवे आहे हे आपण स्वतः ठरवून लिहिले तर शोध जलद होतो आणि सुरक्षितही होतो. प्रस्तुत लेखाचा आशय एवढाच आहे. पुढील परिच्छेदांत त्याचा तपशील दिला आहे.

थोडी पूर्वपीठिका

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला. १९९३ साली आलेल्या मोझेकमुळे व १९९४ सालच्या नेटस्केप नॅव्हिगेटरमुळे ब्राउझर सामान्य माणसाच्या हाती आला. त्या काळी पट्टीत संपूर्ण पत्ता अचूक टंकावा लागे. पत्त्याच्या आरंभी येणाऱ्या दोन तिरप्या रेघा वस्तुतः अनावश्यक होत्या, अशी कबुली बर्नर्स-ली यांनी २००९ साली दिली. आज त्या रेघा आपण टंकत नाही, कारण ब्राउझर त्या स्वतःच जोडतो.

शोधयंत्रे आली तेव्हा शोधासाठी वेगळी चौकट निर्माण झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्सच्या पहिल्या आवृत्तीत पत्त्याची पट्टी डावीकडे आणि शोधाची लहान चौकट उजवीकडे, अशी रचना होती. सप्टेंबर २००८ मध्ये गुगलने क्रोम हा ब्राउझर आणला आणि दोन्ही चौकटी एकत्र केल्या. या एकत्रित पट्टीला त्यांनी ऑम्निबॉक्स असे नाव दिले. लॅटिन भाषेतील ऑम्निस या शब्दाचा अर्थ ‘सर्व’ असा होतो; सर्व काही स्वीकारणारी पेटी, असा या नावाचा भाव आहे. पुढे २०११ साली इंटरनेट एक्स्प्लोररने, २०१२ साली सफारीने आणि २०१७ साली फायरफॉक्सनेही हीच रचना स्वीकारली. यांपैकी इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये काढून घेतला. जुन्या संगणकावर तो अद्याप असल्यास वापरू नये.

या एकीकरणाने सोय झाली, तशी एक सूक्ष्म अडचणही निर्माण झाली. पूर्वी दोन दारे निरनिराळी होती. आता एकच दार आहे आणि आपण कोठे जाऊ इच्छितो याचा अंदाज ब्राउझर बांधतो.

पट्टी निर्णय कसा घेते?

हा अंदाज काही ठरावीक नियमांनी बांधला जातो. लिहिलेल्या मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा असेल, तर ब्राउझर त्याला प्रश्न समजतो. मजकूर सलग असेल, त्यात टिंब असेल आणि टिंबापुढे कॉम, इन, ओआरजी यांसारखा मान्य प्रत्यय असेल, तर तो पत्ता समजला जातो. टिंब नसलेला एकटा शब्द साधारणतः प्रश्नच ठरतो.

येथेच अनेकांची फसगत होते. ‘मी बँकेचे संकेतस्थळ उघडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात पुष्कळदा बँकेचे केवळ नाव टंकलेले असते. अशा वेळी पट्टी आपल्याला बँकेत नेत नाही. ती शोधयंत्राची यादी दाखविते. त्या यादीच्या शिरोभागी जाहिरातदारांनी पैसे भरून मिळविलेली जागा असू शकते. अशा दुव्यांवर ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते व घाईत ते नजरेआड होते.

उलट प्रसंगही येतो. एखाद्या शब्दात टिंब असल्यामुळे ब्राउझर त्याला पत्ता समजतो, परंतु आपल्याला त्याविषयी माहिती शोधायची असते. अशा वेळी मजकुराच्या आरंभी प्रश्नचिन्ह टंकावे व नंतर मोकळी जागा सोडून शब्द लिहावा. क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांना ही प्रश्नाची खूण समजते.

हात कळफलकावरच ठेवून

माउस हाती घेऊन पट्टीवर टिचकी मारण्याची गरज नसते. विंडोजवर कंट्रोल आणि एल या कळा एकत्र दाबल्या की पट्टीतील सर्व मजकूर निवडला जातो आणि लगेच नवे लिहिता येते. ऑल्ट आणि डी, किंवा केवळ एफ ६ ही कळ दाबूनही हेच साधते. मॅक संगणकावर कंट्रोलऐवजी कमांड कळ वापरावी.

उघडलेले पान तसेच ठेवून नवा शोध करायचा असेल, तर मजकूर लिहून झाल्यावर ऑल्ट कळ दाबून ठेवावी व एंटर दाबावे. उत्तर नव्या टॅबमध्ये उघडते. अर्ज भरताना मध्येच एखादी माहिती पाहावी लागली, तर या युक्तीमुळे भरलेला अर्ज पुसला जात नाही.

कंट्रोल आणि एंटर या जोडीविषयी मात्र सावध असावे. ही जोडी लिहिलेल्या शब्दाच्या आधी तीन डब्ल्यू आणि नंतर ‘डॉट कॉम’ जोडते. आपल्या शासनाची संकेतस्थळे ‘गव्ह डॉट इन’ने संपतात. त्यांचे नाव लिहून ही जोडी दाबल्यास आपण भलत्याच ठिकाणी पोहोचू शकतो.

पट्टीत छोटे गणितही होते. क्रोममध्ये २४५, तारकाचिन्ह आणि १२ असे इंग्रजी अंकांत टंकले की एंटर दाबण्यापूर्वीच खालच्या ओळीत २९४० हे उत्तर दिसते. तारकाचिन्ह म्हणजे गुणाकार आणि तिरपी रेघ म्हणजे भागाकार.

ओळखीच्या ठिकाणी परतताना

आपण महाजालावर ज्या जागी जातो, त्यांपैकी बऱ्याच जागी आपण पूर्वी गेलेलो असतो. तेथे जाण्यासाठी पुनःपुन्हा शोधयंत्राला विचारणे म्हणजे रोजच्या किराणा दुकानाचा रस्ता रोज नव्याने विचारण्यासारखे आहे. ब्राउझर आपल्या भेटींची नोंद ठेवतो. नित्याच्या संकेतस्थळाची पहिली दोन-तीन अक्षरे टंकली, की पूर्ण पत्ता पट्टीत आपोआप उमटतो. २००८ साली आलेल्या फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीने तर पत्त्याबरोबर पानाच्या शीर्षकातील शब्दांवरूनही जुने पान शोधण्याची सोय केली. एखाद्या ठिकाणी आपण किती वेळा गेलो आणि किती अलीकडे गेलो, या दोहोंचा विचार करून सूचनांचा क्रम लागतो.

फायरफॉक्समध्ये या शोधाला काही चिन्हांनी मर्यादा घालता येते. चिन्ह, मग मोकळी जागा आणि मग शब्द, असा क्रम ठेवावा :

१. तारकाचिन्ह * लिहिल्यास केवळ बुकमार्क, म्हणजे जपून ठेवलेल्या खुणा, शोधल्या जातात.
२. ^ हे चिन्ह लिहिल्यास केवळ पूर्वी पाहिलेली पाने शोधली जातात.
३. % हे चिन्ह लिहिल्यास सध्या उघडे असलेले टॅब शोधले जातात.

क्रोममध्ये २०२२ सालच्या अखेरीस अशीच सोय आली. पट्टीत @ हे चिन्ह टंकले की बुकमार्क, हिस्टरी आणि टॅब असे पर्याय खाली दिसतात. बाणाच्या कळेने त्यांपैकी एक निवडून एंटर दाबावे आणि मग हवा तो शब्द लिहावा.

बुकमार्क करताना त्याला आपल्या भाषेत सुटसुटीत नाव द्यावे, ही एक साधी पण फार उपयोगी सूचना आहे. वीजमंडळाच्या पानाला ‘वीजबिल’, भूमी अभिलेखाच्या पानाला ‘सातबारा’, रेल्वेच्या पानाला ‘आरक्षण’ अशी नावे द्यावीत. पुढच्या वेळी पट्टीत तोच मराठी शब्द टंकला, की जपून ठेवलेला दुवा सूचनांत दिसतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या संगणकावर अशी पाच-सहा नावे तयार करून दिली, तर त्यांना शोधयंत्राच्या यादीत शिरावेच लागत नाही.

एखादा चुकीचा पत्ता सूचनांत वारंवार येत असेल, तर बाणाच्या कळेने त्यावर जाऊन शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबाव्यात. ती सूचना नाहीशी होते.

एकाच संकेतस्थळात शोध

काही वेळा हवी असलेली माहिती कोणत्या संकेतस्थळावर आहे हे आपल्याला ठाऊक असते, परंतु त्यातील नेमके पान ठाऊक नसते. समजा, एखादी माहिती मराठी विकिपीडियावर किंवा मराठी विश्वकोशात पाहायची आहे. संकेतस्थळ उघडणे, त्यातील शोधाची चौकट हुडकणे, शब्द लिहिणे, या तीन पायऱ्यांची एकच पायरी करता येते.

क्रोममध्ये पूर्वी वापरलेल्या काही संकेतस्थळांचा पत्ता टंकला की टॅब कळ दाबण्याची सूचना दिसते. ती कळ दाबल्यानंतर लिहिलेला शब्द थेट त्याच संकेतस्थळात शोधला जातो.

स्वतःचा संक्षेपही तयार करता येतो. प्रथम त्या संकेतस्थळाच्या चौकटीत एखादा शब्द शोधावा आणि निकालाच्या पानाचा पत्ता पाहावा. पत्त्यात आपला शब्द कोठेतरी आलेला असतो. तेवढा शब्द काढून त्या जागी टक्क्याचे चिन्ह व त्याला जोडून रोमन लिपीतील लहान एस हे अक्षर ठेवावे. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन या विभागात जाऊन साइट सर्चपुढील ‘अॅड’ हे बटण दाबावे आणि नाव, संक्षेप व हा पत्ता भरावा. संक्षेप म्हणून एक-दोन अक्षरे पुरतात. यानंतर पट्टीत संक्षेप, मोकळी जागा आणि शब्द लिहिले की काम झाले. फायरफॉक्समध्ये असाच पत्ता बुकमार्क म्हणून जपून त्याच्या कीवर्ड या रकान्यात संक्षेप लिहावा.

हे सारे कटकटीचे वाटत असेल, तर डकडकगो या शोधयंत्राचा मार्ग आहे. ब्राउझरचे मुख्य शोधयंत्र म्हणून त्याची निवड केल्यास पट्टीत उद्गारचिन्ह, त्याला जोडून डब्ल्यू हे रोमन अक्षर आणि मग शब्द लिहिला, की शोध सरळ विकिपीडियावर जातो. अशा हजारो संक्षेपांची तयार यादी त्या यंत्रात आहे.

प्रश्न नेमका विचारावा

संकेतस्थळ ठाऊक नसेल तेव्हा प्रश्न विचारणे भागच आहे. मात्र तो नेमका असावा. नेमका शब्दसमूह जसाच्या तसा हवा असल्यास तो दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा. एखादा अर्थ वगळायचा असल्यास त्या शब्दाला जोडून आधी वजाचिन्ह द्यावे. ‘कमळ’ या फुलाची माहिती हवी असताना राजकीय बातम्या येत असतील, तर ‘कमळ’ या शब्दानंतर मोकळी जागा सोडून ‘-निवडणूक’ असे लिहावे. विशिष्ट संकेतस्थळापुरता शोध हवा असल्यास रोमन अक्षरांत साइट हा शब्द, विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे आणि त्यांना जोडून पत्ता द्यावा. मध्ये मोकळी जागा नसावी. केवळ शासकीय पानेच हवी असतील, तर या जागी ‘गव्ह डॉट इन’ एवढेच रोमन अक्षरांत लिहिले तरी चालते. शासकीय योजनांच्या नावाने खासगी संकेतस्थळांचे पेव फुटलेले असताना ही एक युक्ती बराच केरकचरा बाजूला सारते.

मराठीतून प्रश्न विचारण्यास संकोच बाळगू नये. युनिकोड या प्रमाणामुळे देवनागरी अक्षरे पट्टीत सहज लिहिता येतात. स्थानिक विषय, गावांची नावे, वनस्पती, पाककृती यांसाठी मराठी शब्दाने वेगळी आणि अनेकदा अधिक उपयुक्त उत्तरे मिळतात. २०१४ सालापासून तर ‘डॉट भारत’ या प्रत्ययासह संपूर्ण पत्ताच देवनागरीत असू शकतो.

भ्रमणध्वनीवर

आज अनेकांचा ब्राउझर खिशातच असतो. तेथे कळांच्या जोड्या नसल्या तरी तत्त्व तेच. पट्टीला स्पर्श करावा, दोन-तीन अक्षरे लिहावीत आणि खाली येणाऱ्या सूचनांकडे नीट पाहावे. सूचनेसमोर भिंग असेल, तर तो प्रश्न आहे. संकेतस्थळाचे चिन्ह व पत्ता असेल, तर ते ठिकाण आहे. आयफोनच्या सफारीमध्ये २०२१ पासून ही पट्टी पडद्याच्या तळाशी दिसते, त्यामुळे ती वर सापडली नाही तर गोंधळून जाऊ नये. लहान पडद्यावर लांब पत्ता पूर्ण दिसत नाही. म्हणून पैशांच्या व्यवहारापूर्वी पट्टीला स्पर्श करून संपूर्ण पत्ता वाचावा.

पैशांचा व्यवहार असेल तेव्हा

बँक किंवा एखाद्या कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक शोधयंत्रात विचारणे, हा फसवणुकीचा नित्याचा मार्ग झाला आहे. भामटे खोटी पाने तयार करून त्यांवर स्वतःचे क्रमांक देतात. घाबरलेला ग्राहक फोन करतो, गुप्त संकेतांक सांगतो किंवा सांगितलेले अॅप उतरवून घेतो आणि खाते रिकामे होते. म्हणून बँकेचा दूरध्वनी क्रमांक पट्टीत प्रश्न लिहून कधीच शोधू नये. तो पासबुकावर अथवा कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो, तेथूनच घ्यावा. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ताही बँकेच्या छापील कागदावरून घेऊन एकदा काळजीपूर्वक टंकावा, तपासावा आणि बुकमार्क करावा. त्यानंतर नेहमी त्याच खुणेने जावे.

पत्ता वाचण्याचीही एक रीत आहे. आरंभीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधीचा भाग हा खरा मालक सांगतो. हा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. समजा, बँकेचा पत्ता ‘अबक डॉट बँक डॉट इन’ असा आहे. ‘अबक डॉट बँक डॉट इन डॉट मदत डॉट कॉम’ असा पत्ता दिसला, तर तो बँकेचा नव्हे. तो ‘मदत डॉट कॉम’ नावाच्या कुणा तिसऱ्याचा आहे. आरंभी ओळखीचे नाव आले म्हणून विश्वास ठेवू नये.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक महत्त्वाचे पाऊल उचलले आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिने बँकांना आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यांवर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नेण्याचा आदेश दिला. हे पत्ते हैदराबाद येथील आयडीआरबीटी ही संस्था केवळ बँकांनाच देते. त्यामुळे पट्टीतील पत्ता तपासणे सामान्य ग्राहकालाही सोपे झाले आहे.

कुलपाच्या चित्रावर मात्र विसंबू नये. कुलपाचा अर्थ, आपला संदेश वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढाच होतो. पलीकडचा मनुष्य प्रामाणिक आहे, असा होत नाही. फसव्या संकेतस्थळांनाही कुलूप मिळते. हा गैरसमज टाळण्यासाठी क्रोमने २०२३ साली पट्टीतील कुलपाचे चित्रच काढून टाकले.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता अधिक.

खासगीपणाविषयी

पट्टीत लिहिताना येणाऱ्या सूचनांसाठी आपण टंकलेली अक्षरे एंटर दाबण्यापूर्वीच शोधयंत्राकडे जाऊ शकतात. म्हणून तेथे चुकूनही पासवर्ड अथवा कार्डाचा क्रमांक लिहू नये. ही देवघेव नको असल्यास सेटिंग्जमध्ये शोधसूचना बंद करता येतात. सायबर कॅफे किंवा ग्रंथालयातील संगणकावर काम करताना खासगी खिडकी उघडावी. त्यासाठी क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट व एन आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट व पी या कळा आहेत. खिडकी बंद केल्यावर भेटींची नोंद त्या संगणकावर राहत नाही. तथापि संस्थेचे जाळे चालविणाऱ्यांना आपण कोठे गेलो हे कळू शकते, याचे भान ठेवावे.

सारांश

पट्टीत पहिले अक्षर लिहिण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे : मला जायचे ठिकाण ठाऊक आहे काय? ठाऊक असेल, तर पत्ता किंवा जपलेली खूण वापरावी आणि सरळ तेथे जावे. ठाऊक नसेल, तर नेमका प्रश्न विचारावा आणि मिळालेल्या उत्तराचा पत्ता वाचूनच आत पाऊल टाकावे. आपल्या घरी जे संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर नव्याने व्यवहार करू लागले आहेत, त्यांच्याजवळ अर्धा तास बसून त्यांच्या नित्याच्या चार-पाच ठिकाणांच्या खुणा तयार करून द्याव्यात, ही सर्व वाचकांना आग्रहाची विनंती.